पेवातला दिवा

ठाणाकुशनूरच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर राजूबाई बसून होती आणि आत डॉक्टर अच्युतराव शिव्या घालत होते. कुणाला म्हणाल, तर कागदाला. माणसाला शिवी द्यायची त्या भल्या गृहस्थाची छाती नव्हती, म्हणून हैदराबादहून आलेल्या लिफाफ्यावर सगळा राग निघत होता. कागद पुन्हा परत आला, एवढं राजूबाईला त्या शिव्यांवरनंच कळलं.

आता हा कागद कसला आणि राजूबाईचा त्याच्याशी संबंध काय, ते आधी सांगितलं पाहिजे. राजूबाईचा नवरा ग्यानबा हा गावातला पेवात उतरणारा माणूस. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांनी ऐकून घ्यावं. गावठाणाच्या घट्ट पांढऱ्या मातीत दोन पुरुष खोल खड्डा खणायचा, त्याचं तोंड घागरीसारखं चिंचोळं ठेवायचं आणि पोट मोठं. आत कडबा लावायचा, जोंधळा भरायचा, वर फरशी टाकून लिंपून घ्यायचं. साल-दोन सालांनी पेव फोडलं की मधला जोंधळा टपोरा निघतो, पण कडेचा आणि तळाचा ओलीनं काळा पडलेला असतो, त्याला बुरशी धरलेली असते. तो खरवडायला कुणीतरी आत उतरावं लागतं. बंद पेवात विषारी वाफ असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आधी दोरीनं पेटता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस सोडायचा. बापजाद्यांचा कायदा आहे हा, आणि त्या कायद्यानं चालून ग्यानबा पेवात कधी गुदमरला नाही.

गुदमरला नाही, पण दर साली पेवं उपसून झाली की संध्याकाळी त्याला ताप भरायचा, छातीत शिट्टी वाजायची, चार-आठ दिवस दम लागायचा आणि मग उतार पडायचा. पुढं पुढं उतार पडेना. आता तो एक वाक्य तीन घासांत बोलायचा. मागल्या हिवाळ्यात जिल्ह्याचे बडे डॉक्टर दौऱ्यावर आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी ओट्याखालूनच ग्यानबाकडं पाहिलं, 'दिक' असा शेरा मारला आणि मोटारीत बसून गेले. दिक म्हणजे क्षय. हा शब्द गावात पडला आणि त्याच दिवशी ग्यानबाचं अंथरूण घरातून उठलं. धाकट्या भावानं, अंबाजीनं, रडत रडत ते शेतातल्या खोपीत नेऊन टाकलं.

तेव्हापासून राजूबाई रोज भाकरी घेऊन शेतात जायची आणि येताना विहिरीवर अंघोळ करून मगच घरात पाऊल टाकायची. अंबाजीच्या बायकोची तशी अटच होती. आणि रोज ग्यानबा तिला एकच मागायचा.

"मला घरी ने, राजू. उंबऱ्याच्या आत... मरू दे."

"नेते की," ती म्हणायची. "डाक्टरसाब कागद धाडायलेत हैदराबादला. आला की नेते."

अच्युतरावांचं म्हणणं वेगळं होतं. ही दिक नव्हेच, हा पेवातल्या काळ्या जोंधळ्याच्या धुरळ्याचा रोग आहे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. पण त्यांच्या छातीला विचारतो कोण? अंकुशराव पाटलांनी त्यांना चावडीवर सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

"डाक्टरसाब, दिवा जळायलाय तिथं माणसाला काय धाड भरती? दिव्यापेक्षा माणूस नाजूक हाय का?"

चावडी खो खो हसली. डॉक्टर घाम पुसत घरी गेले. बड्या डॉक्टरांचा शेरा खोडायचा तर त्यांच्याहून मोठं कुणीतरी हवं होतं, आणि तेवढ्यात त्यांना कळलं की जेठात हैदराबादला छातीच्या रोगांची मोठी परिषद भरणार आहे. मुंबई-मद्रासकडचे नामी डॉक्टर येणार. तिथं उभं राहून बोलता आलं, त्या लोकांनी मान डोलावली, तर हुकूम निघेल आणि ग्यानबा घरी जाईल. पण तिथं उठून कुणालाही बोलता येत नाही. काय बोलणार त्याचा मसुदा आधी धाडायचा, तो पसंत पडला तरच बोलावणं. अच्युतरावांनी पहिला मसुदा इंग्रजीत धाडला, तर उर्दू नक्कल जोडा म्हणून परत. कचेरीतल्या मुन्शीच्या हातापाया पडून उर्दू करून घेतली, आणि आज तीही परत आली होती.

"काय म्हनतेत?" पायरीवरनं राजूबाईनं विचारलं.

"म्हणतात, धुरळा धुरळा काय करता, नमुना पाठवा. पेवाच्या तळाचा जोंधळा, न झाडलेला, न वाळवलेला. चैत्र संपायच्या आत पोचला पाहिजे." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाटलाकडं मागितला मी. तो म्हणाला, माझ्या जोंधळ्यात विष आहे असं हैदराबादला लिहून धाडता काय, माझा माल कोण घेईल? एक दाणा मिळणार नाही."

ह्या डॉक्टरचं आयुष्यात कधी चार लोकांपुढं काही चाललं नव्हतं. त्याच्याबरोबर शिकलेले हैदराबादेत बंगले बांधून बसले होते आणि हा इथं खरजेला मलम लावत होता. त्याला ती परिषद ग्यानबासाठी हवी होती, हे खरं. स्वतःसाठीही हवी होती, हेही खरं. राजूबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. कुणाच्या का निमित्तानं होईना, नवरा घरी यायला हवा होता.

पाटलाचं मोठं पेव त्याच आठवड्यात फुटलं होतं. ग्यानबाच्या जागी आता कल्लप्पा उतरायचा. भर दुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा राजूबाई तिथं गेली. कल्लप्पा लिंबाखाली बसून खोकत होता.

"कल्लप्पा, मला तळाचं पसाभर दे बाबा."

"अक्का, पाटलानं घमेल्या घमेल्याचा हिशेब ठिवलाय. वर आलेलं सगळं जाळायलेत. मी दिलो तर माझं काम जातंय."

"मंग तू देऊ नको. मी उतरते."

कल्लप्पानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू बाईला चळ भरलाय. पेव म्हणजे लक्ष्मीचं पोट. बाईनं त्यात पाय घालायचा नसतो, घातला तर त्या घराला दाणा पुरत नाही, अशी समजूत. गावात एवढ्या बाया झाल्या, कुणी उतरली नव्हती.

"लक्ष्मीला सांगून उतरते," राजूबाई म्हणाली. "ती बी कुनाची तरी बायकोच हाय. तू नुसता दिवा सोड."

कल्लप्पानं इकडं तिकडं पाहिलं आणि दिवा सोडला. दोघं तोंडाशी ओणवे होऊन बघत राहिले. खाली दिवा शांत जळत होता.

"हवा चांगली हाय," कल्लप्पा म्हणाला, आणि तिच्या कमरेला दोर बांधला.

खरं सांगायचं तर राजूबाईलाही तेव्हा तसंच वाटलं. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता, पण दिव्यावर त्याहून जुना होता. जन्मभर नवऱ्याला ह्याच दिव्याच्या भरवशावर तिनं पेवात सोडलं होतं. खाली टेकली तेव्हा पायाखाली ऊबदार, चिकट काहीतरी लागलं आणि कुजक्या कडब्याचा वास नाकात शिरला. खुरप्यानं कड खरवडली तसा काळा धुरळा उठला. दिव्याभोवती तो धुरासारखा फिरत होता, पण दिवा काही विझला नाही. ओटीत मावेल तेवढा जोंधळा घेऊन तिनं दोर हलवला. सवाष्ण बाईची ओटी कुणीतरी भरायची असते. हिनं आपली आपणच भरून घेतली, आणि तीही बुरशीनं.

डॉक्टरांनी ती ओटी पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. कुठून आणलं हे त्यांनी विचारलं नाही. बाटलीत भरलं, लाखेनं बंद केलं आणि टपाल सुटायच्या आत मसुदा तिसऱ्यांदा रवाना केला.

आणि त्याच संध्याकाळी, चुलीपुढं भाकरी थापताना, राजूबाईला हुडहुडी भरली. अंगात ताप चढला, छातीवर जातं ठेवल्यागत दम कोंडला. खोकला आला तो तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून दाबला. आता कळलं तिला, ग्यानबाला दर साली काय व्हायचं ते. पण हे सांगायचं कुणाला? अंबाजीच्या बायकोच्या कानावर खोकला गेला असता तर ती म्हणाली असती, बघा, नवऱ्याची दिक बायकोला लागली. मग डॉक्टरांच्या मसुद्याला कोण विचारतो? म्हणून राजूबाई गोठ्यात म्हशीजवळ निजली. म्हैस हुंकारत होती, फुरफुरत होती, त्या आवाजात तिचा खोकला खपून गेला. डॉक्टरांनाही तिनं सांगितलं नाही. चार-पाच दिवसांत ताप गेला, दम उतरला, आणि तिनं ते मनातून काढून टाकलं.

वैशाख लागला. ग्यानबाचे ओठ जांभळे दिसायला लागले. बसल्याशिवाय त्याला श्वास घेता येईना, म्हणून राजूबाई पाठीला कडब्याच्या पेंढ्या लावून यायची. खोपीवर ऊन असं पडायचं की आत भट्टी. "घरी," एवढंच तो म्हणायचा आता. पूर्ण वाक्याला त्याच्याजवळ वारा उरला नव्हता.

हैदराबादचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी शिव्या दिल्या नाहीत. हे जास्त वाईट, हे राजूबाईनं ओळखलं.

"नमुना मिळाला म्हणतात. बुरशी आहे हे मान्य. पण त्या बुरशीनं धडधाकट माणूस आजारी पडला, याला पुरावा काय? रोगी आधीच दिकचा असू शकतो. एक तरी निरोगी माणूस दाखवा, जो एकदाच पेवात उतरला आणि आजारी पडला." डॉक्टर टेबलावर डोकं टेकून बसले. "असा माणूस कुठून आणू? उतरणारे सगळे जुने. कल्लप्पा खोकतोय, पण तो कबूल करत नाही, पाटलाला भितो. संपलं बाई. माझ्याच्यानं आता काही होत नाही."

राजूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बोलावं तर घर जात होतं, न बोलावं तर नवरा जात होता. एका हातात आग आणि एका हातात इंगळी, कोणता हात झटकायचा ते सांगा.

"मी उतरले होते," ती म्हणाली. "तुमाला नमुना आनून दिला तो मीच काढला. त्याच सांजंला भरलं मला. ताप, दम, समदं. पाच रोजांनी गेलं."

डॉक्टरांनी डोकं वर केलं. माणसाच्या तोंडावर एवढा आनंद कुणाच्या आजाराच्या बातमीनं आलेला तिनं कधी पाहिला नव्हता. पण क्षणात तो आनंद ओसरला.

"तुमचं नाव घालावं लागेल, बाई. उर्दू मुन्शी लिहिणार. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"ऱ्हाऊ नये तर ऱ्हाऊ नये. लिवा."

मुन्शीच्या पोटात खरंच काही राहिलं नाही. दिवेलागणीच्या आत गावभर झालं की राजूबाई पेवात उतरली आणि राजूबाईलाही दिक लागली. पाटील चिडला, पण बाईमाणसाला हात लावायची त्याची रीत नव्हती. कल्लप्पाला काढावं तर तळात उतरायला दुसरा कुणी तयार नव्हता. त्यानं नुसतं अंबाजीला बोलावून घेतलं. अंबाजी काही दुष्ट नव्हता. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वयनी, घरात लेकरं हायत," तो म्हणाला.

"व्हय रं बाबा. हायत," राजूबाई म्हणाली, आणि आपली वाकळ काखेत मारून निघाली. त्याच्याशी भांडायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. त्याच्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं.

खोपीत ग्यानबा बसल्या बसल्या झोपला होता. वाकळ पाहून तो दचकला.

"कामून... आलीस?"

"तुमी घरी येईनात, म्हनून घरच घेऊन आले," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून वाकळ झटकायला लागली.

जेठ उजाडला आणि बोलावणं आलं. डॉक्टर स्वतः उन्हातून शेतात आले, कागद हातात फडकत होता. मसुदा पसंत पडला होता. अच्युतरावांनी परिषदेत बोलावं, वेळ ठरली होती, त्यांचं नाव छापलं जाणार होतं. एवढं वाचून ते थांबले, आणि पुढली ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली. रोगी समक्ष हजर करावा.

ग्यानबाला खोपीच्या दारापर्यंत चालवत नव्हतं. बिदरपर्यंत गाडी, तिथून पुढं रेल्वे. पहिल्या ओढ्यातच गाडीच्या धक्क्यानं त्याचा जीव गेला असता.

"तुम्ही चला," डॉक्टर राजूबाईला म्हणाले. "धडधाकट माणूस त्यांनी मागितलाय, तो तुम्हीच. ग्यानबाची हकीकत मी सांगेन." त्यांनी गळ्यातली नळी काढून तिच्या पाठीला लावली. ऐकलं. दुसऱ्या बाजूला लावली. पुन्हा ऐकलं. मग नळी गुंडाळत ते खाली मान घालून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे."

ज्या बातमीला माणसं तोंडात साखर घालतात ती त्यांनी मयताची सांगावी तशी सांगितली.

"मंग?"

"तिथं दहा जण नळी लावून ऐकणार. काहीच ऐकू आलं नाही तर म्हणतील, ही बाई ठणठणीत आहे, डॉक्टर खोटं बोलतोय, आणि हिचा नवरा दिकचाच."

"आन ऐकू आलं तर?"

"तर मानावंच लागेल. शेरा खोडतील. हुकूम येईल, ग्यानबा घरी जाईल, इथल्यापेक्षा चांगलं औषध मिळेल."

राजूबाईनं ग्यानबाच्या पाठीची सरकलेली पेंढी नीट केली. "मंग सोपं हाय की. निघायच्या आदी परत उतरते. तळ आजून तसाच हाय, कल्लप्पा सांगायला होता. दुपारी उतरलं की सांजंला भरतंय, हैदराबाद येईस्तोवर ऱ्हातंय."

"नाही," डॉक्टर म्हणाले. ते फार पटकन म्हणाले. "असलं काही मी होऊ देणार नाही. एकदा बऱ्या झालात, दुसऱ्यांदा व्हालच असं नाही. तुमच्या नवऱ्याचं काय झालं बघताय ना?"

"बघायलेय. रोज बघायलेय."

डॉक्टर खोपीबाहेर गेले. बांधावर उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. मग तिकडं तोंड करूनच त्यांनी विचारलं, "पाटील गावात आहेत का?"

"गाणगापूरला दत्ताला गेलेत. परवा येतेत," राजूबाई म्हणाली.

डॉक्टर म्हणाले की गाडी उद्या दुपार टळताना सांगून ठेवतो.

ग्यानबानं सगळं ऐकलं होतं. त्यानं हात लांब करून तिच्या पदराचं टोक धरलं. बोटं नुसती काड्या झाली होती, पण पकड बरीच होती.

"नको, राजू." बऱ्याच वेळानं पुढलं आलं. "मी... हितंच... बरा."

शेतात आणून टाकल्यापासून हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. त्यानं घर मागणं सोडलं होतं. तोवर राजूबाई धीर धरून होती. आता मात्र तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं त्याचं एकेक बोट पदरावरनं सोडवलं.

"तुमी बोलू नका," ती म्हणाली. "बोललं की दम लागतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली गाडी जुंपून उभी होती. डॉक्टर गाडीजवळ होते, पाठ पेवाकडं करून, बैलाच्या मानेवरची माशी हाकत. कल्लप्पानं दोरी हातात घेतली तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत दोघं थांबली. मग त्यानं दिवा पेटवून खाली सोडला आणि सवयीनं ओणवा होऊन बघितलं.

"चांगला जळायलाय, अक्का," तो म्हणाला.

"जळंना का," राजूबाई म्हणाली.

कल्लप्पानं दोर तिच्या कमरेला बांधला आणि नाकावर पदर घट्ट बांध म्हणून सांगितलं. तिनं होता तोही पदर तोंडावरनं काढला, कमरेला खोचला, आणि पेवात पाय सोडले.